गप राहिलेले चेहरे

गेल्या पावसाळ्यात मी महिनाभर रत्नागिरीच्या घरून काम केलं. पडवीत टेबल, टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, आणि पलीकडे झोपाळ्यावर तांदूळ निवडत बसलेली आज्जी. वीज गेली की आमच्या गप्पा, आली की माझं काम.

काम असं होतं. एका ग्राहक कंपनीला कारखान्यातल्या नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहून त्यांची मनःस्थिती सांगणारं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यासाठी आधी माणसांनी हजारो चेहऱ्यांना लेबलं लावायची आणि मग त्यावरून मशीनला शिकवायचं. लेबलं सात: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य आणि ‘न्यूट्रल’. लेबलं लावणारी टीम वेगळी होती. ज्या चेहऱ्यांवर दोघांचं एकमत होत नसे, ते माझ्याकडे यायचे.

एका दुपारी आज्जी मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर विशीतला एक मुलगा होता.

“ह्येचा काय लिवलास?”

“न्यूट्रल. म्हणजे त्याच्या मनात विशेष काही नाही.”

तिने वाकून पुन्हा पाहिलं. “काय नाय कसा? गप ऱ्हायलाय तो. समोर कोन हाय त्येच्या?”

“त्यांचा सुपरवायझर असेल.”

“मग!” असं म्हणून ती परत तांदळाकडे गेली.

तिच्या त्या ‘मग!’ने माझी पंचाईत केली. कारण आमच्या सातही गठ्ठ्यांत सगळ्यात मोठा गठ्ठा न्यूट्रलचाच होता, आणि ग्राहकाला दिसणाऱ्या अहवालात आम्ही तो हिरव्या रंगात दाखवत होतो. हिरवा म्हणजे तक्रार नाही. पंचवीस माणसं गप बसली असतील तर अहवाल सांगणार की पंचवीस माणसं ठीक आहेत.

ही सात लेबलं आली कुठून, ते शोधायला मी त्या रात्री बसलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. डेटासेट तयार मिळतो, लेबलं तयार मिळतात, आपण फक्त अचूकता वाढवायची. शोधत शोधत मी अमेरिकेतून इंग्लंडला गेलो, आणि तिथून चक्क नगरला पोचलो.

*

चार्ल्स डार्विनचं ‘माणूस आणि प्राणी यांच्यातील भावनांची अभिव्यक्ती’ या विषयावरचं पुस्तक १८७२ साली लंडनमध्ये निघालं. त्याच्या काळात मोठं नाव होतं शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेलचं. माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू देवाने खास भावना व्यक्त करण्यासाठीच घडवले आहेत, असं बेलचं मत. डार्विनला ते मान्य नव्हतं. कुत्रा, मांजर, घोडा, माकड यांच्या चेहऱ्यांत आणि आपल्या चेहऱ्यात धागा आहे, आणि जगभरच्या माणसांचे मुख्य हावभाव सारखे असतील तर सगळी माणसं एकाच पूर्वजाची लेकरं आहेत या म्हणण्याला बळ मिळतं, असा त्याचा युक्तिवाद. माणसांच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या निर्माण झाल्या, असं छातीठोक सांगणारे विद्वान तेव्हा होते. त्यामुळे हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता.

चेहरा आपल्या हुकमात नसतो, याचा अनुभव त्याने स्वतःवरही घेतला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेमागे एक विषारी साप होता. सापाने काचेवर फटकारा मारला तरी मागे सरायचं नाही असं ठरवून डार्विनने काचेला तोंड लावलं. फटकारा बसला आणि तो दचकून मागे उडाला. बुद्धीला काच दिसत होती, पण शरीराने ऐकलं नाही.

आता हेच सगळ्या जगात तपासायचं, तर डार्विन प्रवासाला निघण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणून १८६७ साली त्याने एक प्रश्नावली तयार केली आणि साम्राज्यभर पसरलेल्या ओळखीच्या लोकांना पाठवली. पुस्तकात ती छापली आहे. प्रश्न सोळा. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतात का, भुवया वर जातात का? लाजेने चेहरा लाल होतो का? विचारात पडलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो का? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? सोबत सूचना होत्या. स्मरणावर विसंबू नका, कारण या बाबतीत स्मरण फार फसवतं. आणि युरोपीय लोकांशी ज्यांचा फारसा संबंध आलेला नाही, अशांची निरीक्षणं सगळ्यात मोलाची.

छत्तीस उत्तरं आली. त्यांतलं एक मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून. पाठवणारे होते एच. एर्स्किन. प्रस्तावनेत डार्विन त्यांचे आभार मानतो आणि पुढे नोंदवतो की एर्स्किन यांनी तिथल्या लोकांच्या हावभावांकडे लक्ष दिलं, पण खात्रीचा निष्कर्ष काढणं त्यांना फार अवघड गेलं. कारण हे लोक युरोपीय माणसासमोर आपल्या सगळ्या भावना लपवून ठेवतात, आणि हे त्यांच्या सवयीचंच आहे.

मराठी मुलखातल्या चेहऱ्यांची आधुनिक विज्ञानाच्या वहीत झालेली ही अगदी सुरुवातीची नोंद, आणि ती काय सांगते? की मला काही दिसलं नाही.

एर्स्किन यांचा प्रामाणिकपणा मला आवडतो. त्यांनी ‘हे लोक निर्विकार आहेत’ असं लिहून रकाना भरला नाही. समोरचा लपवतो आहे, माझ्यासमोर लपवतो आहे, आणि म्हणून मला सांगता येत नाही, एवढं त्यांनी कळवलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रकानाच नव्हता.

आणि त्या चेहऱ्यांमागे काही नव्हतं असं कोण म्हणेल? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि कापसाचे भाव पडले. दख्खनचा शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतत गेला. डार्विनचं पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि हां हां म्हणता ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं. त्यांना हवी होती मुख्यतः कर्जखतं. ती हिसकावून जाळली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. एर्स्किन यांनी पाहिलेली माणसं आणि ही माणसं एकच, असं मी म्हणत नाही. जिल्हा तोच होता, काळही जवळपास तोच होता, एवढंच.

*

सोळाव्या प्रश्नाचं, म्हणजे मान हलवण्याचं उत्तर मात्र आपल्याकडून बरंच आलं. इथला होकार नेहमी वरखाली मानेचा नसतो, असं डार्विनला कळलं. एका जाणत्या ‘नेटिव्ह’ गृहस्थाने सांगितलं की होकारासाठी मान बऱ्याचदा डावीकडे टाकतात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले जे. स्कॉट यांनी पुन्हा पुन्हा पाहून कळवलं की मान आधी मागे आणि एका बाजूला जाते, मग एकदाच तिरकी पुढे येते. परदेशी ग्राहकाबरोबर व्हिडिओ कॉलवर बसलेल्या कुणालाही यात हसू येईल. ‘हे हो आहे की नाही?’ असं मला आजही विचारतात.

स्कॉट यांचा तपशील डार्विनला सगळ्यांत मोलाचा वाटला. ते उद्यानात काम करणाऱ्या निरनिराळ्या जमातींच्या मजुरांना बराच काळ रोज बघत होते. म्हणजे वेळ मिळाला तर काही दिसतं. पण तेही मजुरांकडे पाहणारे साहेबच होते. चेहरा काय करतो, हे विचारणारे सोळा प्रश्न होते. तो कुणासमोर ते करतो, हा सतरावा प्रश्न त्यात नव्हता. एर्स्किन यांनी न विचारता त्याचंच उत्तर पाठवलं होतं.

*

तो सतरावा प्रश्न आज्जीने मला दुपारी विचारला होता. दुसऱ्या दिवशी वीज गेल्यावर मी तिला नगरची गोष्ट सांगितली. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिने मला खोताच्या खळ्यातली गोष्ट सांगितली.

आज्जीचं माहेर संगमेश्वर तालुक्यात. तिचे वडील कूळ होते. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जमीन त्याच्या हाताखाली आणि कसणारे त्याची कुळं. पिकाचा अर्धा वाटा म्हणजे अर्धेल, तिसरा म्हणजे तिर्धेल. वर वेठ वेगळी. १८८०च्या खोती कायद्याने खोत आणि कुळांचे हक्क कागदावर आणले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. आज्जी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती.

त्याआधीच्या एका वर्षी ती वडिलांबरोबर भात घालायला गेली होती. खोताची ओटी उंच, कुळं खाली खळ्यात उभी. मापाला माणूस खोताचा. तो पायली शिगेने भरत होता आणि शीग जरा जास्तच चढत होती. ती तिला, त्या वयातही, दिसत होती. तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. “दगडासारखा,” ती म्हणाली. “डोलं बी हलंनात.” तिला वाटलं, बापाला मोजता येत नाही.

परतताना वाटेत पऱ्या लागतो. तो ओलांडला, खोताच्या घराचं कौल झाडीत दिसेनासं झालं, आणि वडिलांनी रिकामी टोपली डोक्यावरून उतरवली. मग गाल फुगवून, भुवया चढवून, ओटीवर बसलेल्या खोताचं तोंड हुबेहूब करून दाखवलं. मग मापाऱ्याचं. पोरगी हसून हसून चिखलात बसली. सगळी मापं त्यांनी मनात मोजली होती आणि किती पायल्या जास्त गेल्या तो आकडाही त्यांनी तिला सांगितला.

आकडा आज्जी विसरली आहे. तोंडं विसरली नाही. तिने मला ती करून दाखवली.

*

हे सोंग फक्त माणसाचं, असं समजायचं कारण नाही. आमच्या परसात लाल तोंडाची माकडं येतात. पाहुण्यांची मुलं म्हणतात, माकड हसतंय. दात दिसतात हे खरं, पण ते हसणं नसतं. रोखून बघत तोंड उघडलं तर ती धमकी. ओठ मागे ओढून, आवाज न करता दात दाखवणं ही गोष्ट वेगळी. मकॅक गटातल्या ऱ्हीसस माकडांचा यावर बराच अभ्यास झाला आहे. तिथे खालच्या दर्जाचं माकड वरच्याला असे दात दाखवतं. अर्थ साधारण असा: तू मोठा, मला मान्य आहे. म्हणजे ज्याला आपण आनंदाच्या खोक्यात टाकू, ती सत्तेसमोरची सलामी असते.

कुत्र्यांचं पाहा. २०१७ साली पोर्ट्समथ विद्यापीठात ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी चोवीस कुत्र्यांचे चेहरे चित्रित केले. माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभा असला की चेहरा जास्त हलायचा, पाठमोरा असला की कमी. हातात खाऊ असण्या-नसण्याने तसा फरक पडला नाही. निव्वळ आतली खुशी चेहऱ्यावर सांडत असती, तर खाऊ पाहून चेहरा जास्त हलायला हवा होता.

उंदरांची गोष्ट मला सगळ्यात चकित करून गेली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली: डोळे किती मिटले, नाक आणि गाल किती फुगले, कान आणि मिशा कुठे वळल्या. ही पट्टी उपयोगी ठरली. बोलू न शकणाऱ्या जिवाचं दुखणं कळतं, ही लहान गोष्ट नाही. पुढे घोडे आणि मेंढ्यांसाठीही अशा पट्ट्या झाल्या. पण २०१४ साली त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की खोलीत पुरुष संशोधक असला की उंदरांच्या चेहऱ्यावरच्या वेदनेच्या खुणा कमी होतात. पुरुषाने अंगात घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला तरी तोच परिणाम. उंदीर लपवत नव्हते. परक्या नराच्या वासाने त्यांच्यावर ताण येई आणि त्या ताणात वेदनाच दबत असे. तरी मोजणाऱ्याला धडा तोच. तुम्ही मोजायला आलात, तिथेच माप बदललं.

*

आमची लेबलं थेट डार्विनकडून आलेली नाहीत. मध्ये पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. १९६७-६८ साली ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे लोकांकडे चेहऱ्यांचे फोटो घेऊन गेले. छोटीशी गोष्ट सांगायची आणि तिला जुळणारा फोटो निवडायला लावायचा, अशी पद्धत. त्यातून काही मूळ भावनांचे चेहरे सगळीकडे सारखे असतात, हे मत पक्कं झालं. १९७८ साली त्यांनी आणि वॉलेस फ्रीसेन यांनी चेहऱ्याच्या हालचालींची सांकेतिक यादी प्रसिद्ध केली. संगणकवाल्यांना हेच हवं होतं: मोजकी खोकी, मोजता येणाऱ्या हालचाली.

पण त्याच एकमन यांचा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात कुणी फारसा सांगत नाही. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच वाकडे झाले. शेजारी अधिकारी वाटावा असा संशोधक बसला, तेव्हा जपानी विद्यार्थी स्मिताखाली ते लपवू लागले. कुणासमोर काय दाखवायचं याचे नियम प्रत्येक समाजात असतात, असं एकमन स्वतःच सांगत होते. आम्ही त्यांची खोकी घेतली आणि नियम सोडून दिले.

२०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन एकत्र करून तपासलं. राग आलेली माणसं आठ्या घालून चिडका चेहरा करतात ती साधारण तीस टक्के वेळाच, असं त्यांना आढळलं. आणि असा चेहरा माणूस विचारात गढलेला असतानाही करतो. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने चेहऱ्यावरून भावना सांगण्याची आपली सुविधा बंद करत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडता, असं सॉफ्टवेअर वापरायला फेब्रुवारी २०२५पासून बंदी आहे.

आपल्याकडे या लपवण्याला फार जुनं नाव आहे, हे मला उशिरा कळलं. शाळेत नवरस शिकलो, त्यामुळे भरताच्या नाट्यशास्त्रातही भावनांची खोकीच असतील असं वाटायचं. पण तिथे तेहतीस व्यभिचारी भाव आहेत, म्हणजे येणारे-जाणारे भाव, आणि त्यातला एक आहे ‘अवहित्थ’: मनातलं चेहऱ्यावर न दिसू देणं. त्याची कारणंही दिली आहेत. लाज, भीती, पराभव, समोरच्याविषयीचा आदर, कपट. म्हणजे नाटकवाल्यांना ठाऊक होतं की कोरा चेहरा हीसुद्धा एक भावावस्था आहे आणि ती नटाने करून दाखवायची असते. ‘काही नाही’ या खोक्यात त्यांनी तो टाकला नाही.

*

महिन्याच्या शेवटी मी टीमला दोन पानी टिपण पाठवलं. आज्जीचं नाव घातलं नाही, एर्स्किन यांचं घातलं. मागणी दोनच: अहवालातला न्यूट्रलचा हिरवा रंग काढून करडा करा आणि खाली ‘सांगता येत नाही’ असं लिहा. आणि डेटाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: समोर कोण आहे?

पहिली मागणी मान्य झाली. पुढच्या प्रात्यक्षिकात ग्राहकाकडून विचारणा झाली की पडद्यावर एवढा करडा का. आमच्या मॅनेजरनी सरळ सांगितलं की गप बसलेल्या माणसाच्या मनातलं आम्हाला कळत नाही. ग्राहकाला ते आवडलं नाही. त्या कामाचं पुढचं कंत्राट आम्हाला मिळालं नाही, आणि मी आता दुसऱ्या प्रकल्पावर आहे.

रकाना मी तरी वाढवला होता. पण व्हिडिओ पुरवणाऱ्यांनी फक्त कामगारांचे चेहरे कापून दिले होते. समोर कोण उभं होतं, तो काय म्हणत होता, दार उघडं होतं की बंद, यातलं काहीच चौकटीत नव्हतं. हजारो ओळींमध्ये मला तो रकाना फक्त एका ठिकाणी भरता आला: आज्जीने दाखवलेल्या त्या मुलाच्या मागे खिडकी होती आणि तिच्या काचेत, हातात कागद घेतलेला, खुर्चीवर बसलेला एक माणूस पुसटसा दिसत होता. बाकी सगळे उभे होते.